घोडा गेला, डाव राहिला

बुद्धिबळात काळ्याने फ्रेंच बचाव ही सुरुवात निवडली आणि पांढऱ्याने तिसऱ्याच चालीला राजासमोरचं प्यादं ई५ वर रेटलं, की पुढची बरीचशी भांडणं डी४ च्या प्याद्यावरून होतात. (ई५ म्हणजे ई या उभ्या रांगेतलं पाचवं घर; रांगा ए ते एच, घरं पांढऱ्याच्या बाजूने मोजायची.) काळा प्यादं सी५ वर आणतो, घोडा सी६ वर आणतो, वजीर बी६ वर काढतो. पांढरा सी३ च्या प्याद्याने आधार देतो, घोडा एफ३ वर आणतो आणि उंट डी३ वर ठेवतो. मग काळा सी५ च्या प्याद्याने डी४ वर मारतो, पांढरा सी३ च्या प्याद्याने परत मारतो. आता डी४ चं ते प्यादं मोजून बघा. काळ्याचा घोडा आणि वजीर असे दोघं त्याच्यावर आहेत. राखायला पांढऱ्याचा एकटा घोडा आहे, कारण त्याच्या वजिराच्या वाटेत डी३ वर त्याचाच उंट उभा आहे. दोन विरुद्ध एक. मोजणी बरोबर आहे, आणि तरीही ते प्यादं त्या क्षणी खायचं नसतं.

त्या रात्री मी काळ्याकडून खेळत होते. मी ते घोड्याने खाल्लं.

कारण आधी सांगते. घोड्याने मारलं, पांढऱ्याच्या घोड्याने परत मारलं, मग आपण वजिराने मारायला गेलो की पांढरा उंट बी५ वर टाकून शह देतो. उंट हलला की मागचा वजीर मोकळा होतो आणि थेट आपल्या वजिरावर येतो. शह असल्यामुळे आपल्याला आधी राजा सांभाळावा लागतो आणि वजीर जातो. म्हणून सातव्या चालीला काळ्याने आधी उंट डी७ वर आणायचा, म्हणजे बी५ वरून शहच बसत नाही, आणि मग डी४ कडे बघायचं. हे मला माहीत होतं. कित्येक डावांत मी तो उंट आधी काढला होता. त्या रात्री मोजणी डोळ्यांसमोर इतकी स्वच्छ दिसली की उंटाची चाल मनात येण्याआधीच बोट सरकलं. घड्याळात भरपूर वेळ होता. १५+१० चा डाव, म्हणजे प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जास्तीचे. घाई करण्याचं काहीच कारण नव्हतं.

डिसेंबरचा महिना, नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू. सिव्हिल लाइन्सचे अर्धे रस्ते बंद, ऑफिसातून निघायला रोजच उशीर. जेवणं आटोपली, की शाल पांघरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि फोनवर एक डाव खेळायचा, हा माझा नेम झाला होता. २०२५ च्या जुलैत नागपूरच्याच दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली, भारतातली अठ्ठ्याऐंशीवी. त्याआधी याच गावातून रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता ग्रँडमास्टर झाले होतेच. पण त्या जुलैनंतर आमच्या प्रतापनगरात भाजी घेतानासुद्धा बुद्धिबळाच्या गोष्टी कानावर पडायच्या. मी लहानपणी महालातल्या घरी बाबांशी खेळायची. संसारात ते मागे पडलं होतं. तेव्हा पुन्हा सुरू केलं, आणि मनापासून सुरू केलं.

तर घोडा गेला. समोरच्याने क्षणही न दवडता आपला घोडा डी४ वर आणून ठेवला. आता माझी आठवी चाल. मी वजिराला बोट लावलं. फोनवर मोहऱ्याला बोट लावलं की तो जिथे जिथे जाऊ शकतो तिथे ठिपके उमटतात. डी४ वर ठिपका होता. बोट तिकडे न्यायचं तेवढं राहिलं होतं.

मला थांबवलं ते त्याच्या वेगाने. प्यादं गेल्यावर माणूस निदान बघतो तरी, की हे काय झालं. हा इतक्या निवांतपणे कसा मारतोय? याला काय दिसतंय? हा प्रश्न मनात आला आणि त्यासरशी बी५ चा शह दिसला. मी बोट बाजूला घेतलं.

इथे एक गोष्ट ऑनलाइन खेळणाऱ्याच्या बाजूने आहे, ती नमूद करावीशी वाटते. पटावर समोरासमोर खेळताना मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. बाबा या बाबतीत फार कडक होते, घरातल्या डावातसुद्धा सूट नव्हती. फोनवर मात्र बोट लावून सोडून देता येतं. मी वजीर सोडून दिला, आणि नियमात राहूनच सोडला.

त्यानंतर जे वाटलं ते बहुतेक खेळणाऱ्यांना ओळखीचं असेल. कान तापले. पोटात खड्डा पडला. डाव सोडायचं बटण पटाच्या खालीच असतं, डोळे सारखे तिकडे जायला लागले. मला वाटतं, घोडचुकीनंतर आपण डाव सोडतो तो हरण्याच्या भीतीने नाही. हरणं तर मनाने मान्य केलेलंच असतं. आपल्याला नको असतं ते पुढचा अर्धा-पाऊण तास त्या चुकीच्या शेजारी बसून राहणं. बटण दाबलं की पट नजरेआड होतो आणि नवा डाव सुरू करता येतो. मी आधी असंच करत आले होते, आणि तो नवा डावही बहुधा हरत होते, कारण त्या डावात मी मागच्या डावाचाच राग काढत असायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो, नववीत आहे, अकादमीत शिकायला जातो. कधीमधी खाली येऊन माझे डाव बघतो. मागे असाच एक डाव मी सोडला तेव्हा तो शेजारी होता. "काऊन सोडला काकू?" म्हणाला. मी म्हटलं, अरे, घोडा गेला ना. तर म्हणे, "घोडा गेला ना, जाऊ द्या. डाव कुठं गेला?" त्या पोराच्या बोलण्यात उपदेश नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं की मी का सोडला. मग त्याने त्याच्या सरांनी सांगितलेली एक रीत दाखवली: पट उलटा करायचा. ॲपमध्ये ती सोय असते, चालू डावातही पट फिरवून समोरच्याच्या बाजूने बघता येतं. "आता तुम्ही पांढरे आहात असं समजा. तुम्हाला कशाची भीती वाटून राहिली ते सांगा."

ते आठवून त्या रात्री मी पट उलटा केला. घड्याळ चालू होतं, चालू दिलं.

त्या बाजूने पट वेगळा दिसतो, हे खरं सांगते. काळ्या बाजूने मला फक्त गेलेला घोडा दिसत होता. पांढऱ्या बाजूने दिसलं की माझा, म्हणजे पांढरा, राजा अजून मधेच उभा आहे, किल्लेकोट करून हत्तीच्या आड गेलेला नाही. एफ२ च्या प्याद्याला राजाशिवाय कोणी राखणदार नाही. डी४ वरचा घोडा दिमाखात उभा आहे, पण त्याच्यावर काळ्याचा वजीर आहे आणि काळ्याचा उंट एका चालीत सी५ वर येऊ शकतो. आणि बी६ चा वजीर, सी५, डी४, ई३, एफ२ ही सगळी एकाच तिरप्या रेषेतली घरं आहेत. पांढरा असते तर मला त्या रेषेची काळजी वाटली असती.

पट पुन्हा सरळ केला आणि उंट सी५ वर आणला. घोड्याच्या बदल्यात एक प्यादं मिळालेलं होतं, म्हणजे मी दोन प्याद्यांइतकी मागे होते. जिंकण्याचा विचार मनात नव्हता. समोरच्याला एक तरी खरा प्रश्न घालायचा, एवढंच ठरवलं होतं.

पांढऱ्याने इथे आधी बी५ वरून शह द्यायला हवा होता. त्याने घोडा बी३ ला मागे घेतला. चाल दिसायला छान आहे, घोडाही वाचतो आणि जाता जाता माझ्या उंटावर हल्लाही होतो. पण घोडा डी४ वरून हलला आणि ती तिरपी रेषा मोकळी झाली. मी उंटाने एफ२ चं प्यादं मारून शह दिला. मागे वजिराचा जोर असल्यामुळे राजाला तो उंट मारता येईना. राजा एफ१ ला सरकला, त्याचा किल्लेकोट गेला, आणि माझ्याकडे घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी झाली. आता त्याला पहिल्यांदा वेळ लागला. घड्याळाकडे बघताना मला जाणवलं की माझा श्वास जागेवर आला आहे.

समोरचा इतका सहज कसा चुकला, याचा विचार मी नंतर बराच केला. त्या संदर्भात सोचीतला २०१४ चा विश्वविजेतेपदाचा सहावा डाव मला नेहमी आठवतो. तेव्हाचा विश्वविजेता मॅग्नस कार्लसनने सव्विसाव्या चालीला राजा डी२ वर नेला आणि ती उघड घोडचूक होती. आनंदने घोड्याने ई५ चं प्यादं मारलं असतं तर डाव फिरला असता. आनंदने ए रांगेतलं प्यादं पुढे सरकवलं, कार्लसन सुटला आणि पुढे तोच जिंकला. विशी आनंदसारख्या माणसाला ते दिसलं नाही. विश्वविजेता अशी चूक करेल हे मनातच नसेल तर ती शोधायला डोळे जातील कशाला? माझ्या समोरचाही तसाच बसला असावा. आत्ताच घोडा गमावलेल्या बाईकडून धोका आहे, हे त्याच्या मनात नव्हतं. घोडचुकीनंतर आपल्याला जी काही संधी उरते ती बरीचशी इथेच असते. आपण हादरलेलो असतो, पण समोरचा सैल झालेला असतो.

अर्थात, प्रत्येक घोडचुकीनंतर डाव उरतोच असं नाही. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या शेवटच्या, चौदाव्या डावात तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर नेला. हत्ती गेले, उंट गेले, उरला फक्त राजा आणि प्याद्यांचा हरलेला शेवट, आणि गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. २००६ मध्ये बॉनला संगणकाविरुद्ध खेळताना तेव्हाचा विश्वविजेता क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही, तिथे तर पुढची चालच नव्हती. म्हणून त्या रात्री पहिला हिशेब मी हाच केला होता: मात होतेय का? नाही. वजीर जातोय का? आता नाही. मग बसायचं.

मधला भाग लांबला आणि सगळा सांगण्यासारखा नाही. मी वजीर पटावर टिकवायचा खूप प्रयत्न केला, पण शेवटी वजिराला वजीर असा तो बदलला गेलाच. पांढऱ्याचा एच१ चा हत्ती बराच वेळ कोपऱ्यात अडकून होता, तेवढ्यात माझे दोन्ही हत्ती मोकळ्या रांगांवर आले. मग त्याने सावरलं. तो चांगला खेळत होता. एकेक मोहरा बदलत गेला, आणि ते त्याचं बरोबर होतं. जो पुढे असतो त्याने मोहरे बदलावेत, जो मागे असतो त्याने प्यादी बदलावीत, कारण प्यादी संपली की वजीर करायला काही उरतच नाही. तो मोहरे बदलत होता, मी प्रत्येक संधीला प्यादी बदलत होते, आणि विशेष म्हणजे तो प्यादीही आनंदाने बदलत होता. माझी जास्तीची प्यादी त्याच्या उंटाने वेचून खाल्ली.

शेवटी पट जवळजवळ मोकळा झाला. त्याच्याकडे राजा एफ४ वर, पांढऱ्या घरांवरून चालणारा तो डी३ चाच उंट, आणि जी३ व एच२ अशी दोन प्यादी. माझ्याकडे राजा जी७ वर आणि एच५ वर एक प्यादं. हा डाव हरलेला आहे. नीट खेळला तर कोणीही जिंकेल.

पण वरच्या मजल्यावरच्या पोराने मला दिवाळीच्या सुट्टीत एक शेवट शिकवला होता. कडेच्या रांगेतलं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट. एच८ हे काळं घर आहे. पांढऱ्या घरांच्या उंटाला त्या घरावर कधीच हुकूम चालवता येत नाही. पांढऱ्याची सगळी प्यादी एच रांगेत असतील आणि काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकावता येत नाही. फार जवळ गेलं तर राजाला हलायला घरच उरत नाही, स्टेलमेट होतो, डाव बरोबरीत. प्यादं एकच्या जागी दोन असली, पण दोन्ही एच रांगेत असली, तरी फरक पडत नाही.

त्याचं एच२ चं प्यादं एच रांगेत होतंच. अडचण जी३ च्या प्याद्याची होती. ते एच रांगेत यायला हवं होतं, आणि प्यादं रांग बदलतं ते फक्त मारताना.

मी माझं शेवटचं प्यादं एच५ वरून एच४ वर ढकललं.

त्याने जी३ चं प्यादं जी४ वर पुढे नेलं असतं तर मी हरले असते. राजा सोबतीला होता, ते प्यादं चालत वर गेलं असतं. पण एच४ वर फुकटचं प्यादं उभं होतं, मागेपुढे कोणी राखणदार नव्हता. मोजणी स्वच्छ होती. मला ठाऊक होतं, स्वच्छ मोजणी बघून बोट किती चटकन सरकतं. त्याने मारलं.

मी राजा एच८ वर नेला. तो पुढची कितीतरी मिनिटं प्रयत्न करत राहिला. राजा आणला, उंट इकडून तिकडून फिरवला, प्यादी पुढे आणली. मी जी७, एच८, जी८, एच८ एवढंच करत होते, आणि प्रत्येक चालीआधी थांबून बघत होते की कोपऱ्याची वाट बंद तर होत नाही ना. शेवटी त्याचा राजा जी६ वर, पुढचं प्यादं एच७ वर, माझा राजा एच८ वर. मला चाल नव्हती, शह नव्हता. पडद्यावर बरोबरी आली.

त्या रात्री मी दुसरा डाव खेळले नाही, ठरवून नाही. इंजिनही, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्रामही, लगेच उघडलं नाही. आधी वहीत आठवतील तेवढ्या चाली लिहिल्या, आणि सातव्या चालीसमोर लिहिलं की तेव्हा मी नेमका काय विचार करत होते. इंजिन आधी उघडलं की ते उत्तर देऊन टाकतं, आणि मग आपण काय विचार केला होता ते आपल्याला नीट आठवतही नाही, आठवलं तरी आपण ते सुधारून घेतो. मी लिहिलं होतं: "दोन विरुद्ध एक, प्यादं फुकट." खाली लिहिलं: "उंट हलला तर काय, हे विचारलं नाही." माझ्या पुढच्या सरावाला एवढी एक ओळ पुरली. मोजणीत जो मोहरा दुसऱ्याची वाट अडवून उभा आहे, तो शह देत बाजूला होऊ शकतो का, हे आता प्रत्येक वेळी बघते. जुन्या डावांत शोधलं तर हीच गोष्ट बऱ्याच ठिकाणी निसटलेली सापडली. घोडचुका वेगवेगळ्या दिसतात, पण प्रत्येकाच्या त्याच त्या दोन-तीन असतात असं माझं मत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरचा मुलगा खाली आला. चहा ठेवला, त्याला दूध दिलं, आणि फोनऐवजी बाबांचा लाकडी पट काढला. मग लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तो डाव उघडून, कोण किती पुढे आहे ते दाखवणारा स्टॉकफिश इंजिनचा आलेख बघितला. सातव्या चालीला रेघ कोसळते, बी३ ला घोडा गेला तिथे पुन्हा वर येते, मग हळूहळू उतरत जाते. सात मोहऱ्यांपर्यंतच्या शेवटांची उत्तरं आधीच काढून ठेवलेली आहेत, ती तिथेच बघता येतात. एच४ नंतर त्यात पांढरा जिंकतो असं दिसलं, आणि त्याने प्यादं मारल्यावर एकदम बरोबरी. मुलगा खूष झाला, पण लगेच म्हणाला, "काकू, तुमचा राजा आधीच जवळ होता म्हणून जमलं. दूर असता तर?" आणि त्याने पटावर पांढरा उंट एच७ वर ठेवला, प्यादं एच६ वर, आणि माझा राजा एफ७ वर. चुकीच्या रंगाचाच उंट, कडेचंच प्यादं. पण आता उंट जी८ वर पहारा देतोय आणि प्यादं जी७ वर. कोपरा समोर दिसतो आणि आत जायला वाटच नाही.

"खेळा," म्हणाला.

मी हरले. मग बाजू बदलून पांढऱ्याकडून बसले, तर मला जिंकता येईना. राजा फार पुढे नेला की स्टेलमेट होतो, मागे ठेवला की काळा राजा निसटून पुन्हा एफ७ वर येतो. तो ते पटकन करून दाखवतो, माझ्याच्याने अजून होत नाही. सध्या जेवणं झाली की आधी तो पट मांडते, आणि ते जमेपर्यंत रात्रीचा डाव थोडा उशिरा सुरू होतो.